बारशापर्यंतची हवा

मिरजेच्या निशिगंध सहकारी गृहनिर्माण संस्थेत तीनच बिऱ्हाडं आहेत. एक नंबरात शुक्राचं हवामान आहे, तीन नंबरात मंगळाचं आणि मधल्या दोन नंबरात पृथ्वीचं. बिल्डरने जागा देताना हे नकाशावर स्पष्ट दाखवलं होतं. तेव्हा नकाशा नीट कोणी पाहिला नाही, सगळ्यांचं लक्ष पार्किंगकडे होतं.

दोन नंबरात कुमुदताई राजवाडे राहतात, यजमान गेल्यापासून एकट्याच. त्यांच्याकडे अठ्ठावीस अंश तापमान, खिडकीतून वारा, कुंडीत ओवा, असं सगळं बेताचं. एक नंबरातल्या कारखानीसांकडे चारशे चौसष्ट अंश आणि ब्याण्णव पट हवेचा दाब. त्यांना फराळाचा डबा दिला की तो थाळीसारखा चपटा होऊन परत येतो. तिथे तेजाबाचा पाऊसही पडतो, पण जमिनीपर्यंत पोचायच्या आत वाटेतच सुकतो, त्यामुळे कारखानीसवहिनींचं वाळत घातलेलं कधी भिजलं नाही. त्यांना त्याचा थोडा अभिमानही आहे.

तीन नंबरातले टिपणीस हे संस्थेचे सेक्रेटरी. त्यांच्याकडे उणे त्रेसष्ट, हवा नावापुरती आणि घरभर गंजासारखी तांबडी धूळ. मागे त्यांच्या हॉलमध्ये वादळ उठलं ते अडीच महिने खाली बसलं नाही. तिथला दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा असल्यामुळे टिपणीस रोज चाळीस मिनिटं मागे पडत जातात आणि दर छत्तिसाव्या दिवशी बरोबर वेळेवर येतात. संस्थेची सभा त्या दिवशी असते. शिवाय तिथलं वर्ष आपल्या जवळजवळ दोन वर्षांचं, म्हणून सेक्रेटरीपदाची त्यांची एक वर्षाची मुदत काही केल्या संपत नाही.

संस्थेत वाद झाला तर मिटवायची एक रीत आहे. तिघांचं जे काय असेल त्याची बेरीज करायची आणि तीनने भागायचं. ही रीत कुमुदताईंनीच पाडली. बारा वर्षांपूर्वी गच्चीवरच्या कपड्यांच्या दोऱ्यांवरून दोन्ही शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं होतं, तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या होत्या, "सगळ्या दोऱ्या मोजा, तीनने भागा आणि मला दुपारी झोपू द्या." तोडगा सगळ्यांना इतका आवडला की तेव्हापासून टाकीतलं पाणी, जिन्यातली जागा, गणपतीचे मोदक, सगळं तीनने भागलं जातं.

फाल्गुनातल्या सभेत हवामान निघालं. सभा नेहमीप्रमाणे जिन्याच्या चौकात होती, कारण ती जागा कोणाच्याच हवामानात येत नाही.

"एक ते तीन मंजूर," टिपणीस म्हणाले. "विषय चार. हवामानाचं समान वाटप."

कुमुदताईंनी मागे वळून आपल्या दाराकडे पाहिलं. आदल्याच दिवशी त्यांची लेक मृण्मयी पहिल्या बाळंतपणासाठी आली होती. तिला आठवा महिना लागला होता आणि ती या वेळी आत पंख्याखाली पडली होती.

"चारशे चौसष्ट, अठ्ठावीस आणि उणे त्रेसष्ट," टिपणीस वहीत बोट ठेवून वाचत होते. "बेरीज चारशे एकोणतीस. भागिले तीन, एकशे त्रेचाळीस. दाब ब्याण्णव, एक, आणि आमचा शून्य धरलाय. म्हणजे एकतीस. मधल्या डक्टच्या तिन्ही झडपा उघडल्या की काम झालं. फोडाफोडी काही नाही."

"एकशे त्रेचाळीसला पाणी उकळतं हो," कुमुदताई म्हणाल्या.

"एकतीस पट दाबाला नाही उकळत. ते मी बघून घेतलंय."

"आमच्याकडे शिसं वितळतं, ताई," कारखानीस म्हणाले. "एकशे त्रेचाळीस म्हणजे आम्हाला महाबळेश्वर झालं."

"आणि आमच्या हिनं बारा वर्षांत स्वेटर उतरवलेला नाही," टिपणीस म्हणाले. "पातेल्यात पाणी ओतलं तर एकीकडे गोठतं आणि एकीकडे उकळतं. चहा करायचा कसा माणसानं?"

"अहो पण, माझी हवा?" कुमुदताईंनी विचारलं.

"तोच तर मुद्दा आहे," टिपणीस अगदी आपुलकीने म्हणाले. "आमच्या दोघांकडे शेकडा पंच्याण्णव कार्बन डायऑक्साइड. यांच्याकडे डोंगराएवढा, माझ्याकडे चिमूटभर, पण वस्तू एकच. वेगळं काय ते तुमच्याच घरात चाललंय, ताई. आम्ही इतकी वर्षं बोललो नाही."

भांडायची काही सोयच नव्हती. दोघेही सज्जन, दोघांची गैरसोय खरी, भागाकारही बरोबर. आपण त्या दिवशी दोऱ्यांच्या भानगडीत पडलो नसतो तर बरं झालं असतं, एवढंच कुमुदताईंना राहून राहून वाटत होतं.

"माझी मुलगी बाळंतपणाला आली आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

टिपणीसांनी वहीवरचं बोट काढलं. कारखानीसवहिनी म्हणाल्या, "अगं बाई, मग बाळंतपण निवांत होऊ दे की. आपण काय माणसं नाही का?" लगेच दुरुस्ती सुचवली गेली. ठरावाचा अंमल बाळाचं बारसं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून होईल असं ठरलं. कुमुदताईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनीही हात वर केला, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

चैत्रात मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, केस भरपूर. दोन्ही शेजाऱ्यांना मनापासून आनंद झाला. बाराव्या दिवशी मुलीची आत्या सोलापूरहून नवं झबलं आणि ठरवून आणलेलं नाव घेऊन आली. पाळण्याला फुलं बांधली होती, घुगऱ्या शिजल्या होत्या, कारखानीस आणि टिपणीस बायकांसह कोचावर बसले होते. आत्या पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, तोच कुमुदताई हातातल्या नारळासकट मध्ये घुसल्या.

"तुम्हाला सर्दी झालीय हो," त्या म्हणाल्या. "लांबूनच बघा."

आत्याला सर्दी नव्हती. ती घुगऱ्या न खाता संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

पुढे बारसं लांबत गेलं. आधी मुहूर्त नव्हता, मग जावयाला रजा नव्हती, मग अधिक महिना आला. टिपणीस जिन्यात भेटले की विचारत, "काय ताई, सुचलं का नाव?" कारखानीसांनी अक्षरवार नावांची यादी करून दिली, ती शुक्रावरून आल्यामुळे कडेला करपलेली होती. त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता, घाईसुद्धा फार नव्हती. त्याचीच कुमुदताईंना जास्त भीती वाटायची.

मग वेगळीच काळजी सुरू झाली. मृण्मयी मुलीला 'चिमणे' म्हणायची. हे नाव झालं का? कुमुदताईंनी सेक्रेटरींना लेखी विचारलं. लेखी उत्तर आलं: "लाडाचं संबोधन बारशात धरता येत नाही. तथापि तेच संबोधन सलग आठ दिवस वापरल्यास समितीला विचार करावा लागेल." तेव्हापासून घरात रोज वेगळी हाक सुरू झाली. सोमवारी चिमणी, मंगळवारी ठमाबाई, बुधवारी गुंडाबाई. कोणत्या दिवशी काय हे कुमुदताईंनी फ्रिजवर लिहून लावलं होतं. मुलगी बापडी कुठल्याही हाकेला मान वळवायला शिकली.

पाचव्या महिन्यात मृण्मयीने बॅग भरली.

"आई, आता मला पुण्याला जायला हवं. तो किती दिवस एकटा राहणार?"

"जा ना. पण नाव ठेवू नका."

मृण्मयी घड्या घालता घालता थांबली. "ती इथे नसली तर तिला कसला त्रास? मग कोणासाठी थांबायचं?"

"आता माझ्यासाठी," कुमुदताई म्हणाल्या. एवढं बोलणं त्यांना फार जड गेलं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही भीती मोठी होती, म्हणून त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. "मला नाही जमणार ग त्या हवेत. एकसष्ट वर्षं मी याच हवेत काढली."

मृण्मयीने उरलेले कपडे बॅगेत भरून चेन लावली. मग "बरं" म्हणाली आणि रिक्षा बोलवायला गेली.

यात साडेतीन वर्षं गेली. या काळात कुमुदताईंना धड सुख लागलं नाही. पुण्याहून फोन आला की उचलण्याआधी त्यांच्या मनात नाही नाही ते यायचं. जावई संतापून नाव ठेवतील, आत्या गुपचूप येऊन जाईल, पाळणाघरातली बाई सवयीने काहीतरी म्हणायला लागेल. त्या उगाचच खिडकीशी उभ्या राहून गरजेपेक्षा जास्त श्वास घ्यायच्या. मुलीसाठी एक नाव त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं, पण मनातल्या मनातही तो विचार आला की त्या चटकन भाजी चिरायला घ्यायच्या.

मग शाळेची वेळ आली. मृण्मयीने आईला दोन दिवसांसाठी पुण्याला बोलावून घेतलं. का, ते सांगितलं नाही. शाळेत छोट्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर आकडे रंगवलेले होते. कुमुदताई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या.

"बाळ, तुझं नाव काय?" बाईंनी विचारलं.

"मला नाहीये," मुलगी म्हणाली.

"नाहीये? ते कसं काय?"

"माझ्या आजीला हवा लागते."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, आमच्याकडे शनिवारी पाणी येत नाही असं सांगावं तसं. बाईंनीही त्यात काही वावगं मानलं नाही. फक्त फॉर्ममधला पहिला रकाना रिकामा ठेवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मृण्मयीने पेनला टोपण लावलं. "ठीक आहे, दुसरीकडे विचारतो," ती म्हणाली. ती ज्या सवयीने उठली त्यावरून कुमुदताईंना कळलं की ही पहिली शाळा नव्हे, चौथी-पाचवी असेल. तिने आईकडे पाहिलंही नाही.

"दोन मिनिटं थांबता का?" कुमुदताई बाईंना म्हणाल्या.

त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. त्या तिच्या कानाशी वाकल्या आणि नाव सांगितलं. मुलीला कानात गुदगुल्या झाल्या, ती हसली आणि म्हणाली, "परत सांग." त्यांनी परत सांगितलं. मृण्मयी पेन हातात धरून तशीच उभी होती, आणि रडत होती.

संध्याकाळी मिरजेला पोचल्याबरोबर कुमुदताईंनी सेक्रेटरींना तसं लेखी कळवलं. टिपणीसांनी हरकत काढली की नाव आत्याने ठेवायचं असतं. मग त्यांनी ठराव काढून वाचला. कोणी ठेवायचं हे त्यात नव्हतं, आणि बारसं ग्राह्य धरलं गेलं.

दुसऱ्या दिवशी टिपणीसांचे सकाळचे नऊ आपल्या दुपारी अडीचला वाजले, त्यामुळे कुमुदताईंना साडेपाच तास जास्तीचे मिळाले. त्यांनी केस धुतले, ओव्याची कुंडी जिन्याच्या चौकात नेऊन ठेवली आणि खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या. अडीच वाजता टिपणीसांनी, चपला बाहेर काढून, तिन्ही झडपा उघडल्या. कारखानीसवहिनी पहिल्यांदाच शाल पांघरून आल्या आणि कुमुदताईंचा हात धरून शेजारी बसल्या.

रविवारी फोन वाजला. कुमुदताई कॉटवरून उठून फोनपर्यंत पोचल्या तेव्हा तो तिसऱ्यांदा वाजत होता.

"आजी, मी शरयू बोलतेय."

एकतीस पट हवेत शब्द तोंडाबाहेर पडायला वेळ लागतो. पलीकडे ती थांबून राहिली होती.

"बोल, शरयू," कुमुदताई म्हणाल्या.