कावळ्यांचा तज्ज्ञ

माणगावला भाचीच्या हळदीला निघताना किशोरीने नवऱ्याला एकच काम सांगितलं. तेही बसून करायचं.

"अवो, काठी घेऊन बोंबलांपाशी बसा. कावळे टपलेत. उद्या रुचिकाला धाडायचेत."

रुचिका त्यांची एकुलती लेक, मुंबईला दिलेली. सातवा महिना आणि डोहाळे सुक्या बोंबलांचे! तेही बाजारचे नकोत, श्रीवर्धनच्या आपल्या कोळीवाड्यात वाळलेलेच हवेत. अंगणातल्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील वाळत आले होते.

सदाने काठी दाराला टेकवली आणि मोबाइल काढला. (काठीने काय, कोणीही हाकलेल!) बोटीवरून निवृत्त झाल्यापासून तो तज्ज्ञाला विचारल्याशिवाय चहासुद्धा उकळत नसे. पण नेटवर तज्ज्ञ म्हणवणारे पैशाला पासरी, म्हणून त्याने चाळणी लावली होती. ओरडणारा बाद. घंटी दाबा म्हणणारा बाद. उरेल त्याची सुरुवात पळवायची, कारण सुरुवातीला विद्वान माणूस नुसता प्रस्तावना करतो.

तासभर चाळल्यावर एक चष्मेवाले, हळू बोलणारे पक्षीतज्ज्ञ हाती लागले. सदाने प्रस्तावना पळवली. "आता ऐका," तज्ज्ञ म्हणाले, आणि कावळा खणखणीत ओरडला. भीतीचाच आवाज असणार! सदाने घरातला मोठा स्पीकर जोडला आणि आवाज पार वर नेला.

एक कावळा आला. मग चार. मग माडावर जागा उरेना. 'पळायच्या आधी जमत असतील,' असं सदाने मनाला समजावलं. तेवढ्यात सगळे एकदम बोंबलांवर उतरले. त्याला काठी सापडेपर्यंत दोऱ्यांवर नुसते जबडे उरले.

त्याने व्हिडिओ मागे नेऊन प्रस्तावना ऐकली. "अन्न दिसलं की कावळा भाऊबंदांना कसा बोलावतो, ते आज ऐकू या."

सदा मटकन बसला. लेकीचं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि त्याला खरोखरच रडू फुटलं.

इतक्यात शेजारचा परेश धावत आला. डोकं भादरलेलं, धोतर ओलं. आज त्याच्या वडिलांचा, विठोबांचा, दहावा होता.

"सदाकाका, सगळे कावळे हितं व्हय! तिकडं किनाऱ्यावर पिंडाला एक शिवंना! बापाची इच्छा ऱ्हायली म्हणून आमी काय काय कबूल केलं. बोट इकणार न्हाय म्हटलं, धाकट्याला संभाळतो म्हटलं, आत्याची जमीनपन परत देतो म्हटलं!"

सदा स्पीकर उचलून किनाऱ्याकडे धावला. कावळा दोनदा ओरडला न ओरडला, तोच आख्खा थवा पिंडांवर. सगळ्यांनी डोळे पुसले. आत्या तेवढी हसत होती.

परेश पाया पडला. "काका, काय देऊ, सांगा."

सदाने वाळूकडे बघत विचारलं, "घरचे सुके बोंबील हायेत?"

संध्याकाळी किशोरीने पिशवीत नाक घातलं. "हे माझे न्हायत. विठोबाभावजींच्या घरचे. काय केलंत?"

सदाने सगळं सांगितलं. ती ओट्यावर बसून पोट धरधरून हसली. मग डोळे पुसून रुचिकाचा डबा भरायला लागली. सदाला हायसं वाटलं.

"पुढल्या टायमाला राखणीला एखादा कावळाच बशिवते," झाकण लावत ती म्हणाली. "त्यो निदान बोंबलांकडं बघंल तरी!"