पंपाच्या आधी शोकप्रस्ताव

सोसायटीचा पाण्याचा पंप जळाला आणि बाळ टिपणीस गेले, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. तेरावं आटोपल्यावर पंपासाठी सभा बोलवायची ठरली, तेव्हा चेअरमन बाबाजी बामुगडे म्हणाले, “आधी काकांचा शोकप्रस्ताव. मंग पंप.” यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट पंपवाल्याला सांगून टाकलं, की रविवारी दुपारपर्यंत ठराव होतो, सोमवारी ये.

रोह्याची ही सोसायटी बाबाजींच्या भातशेतीवर उभी राहिली होती, म्हणून चेअरमन बाबाजीच. पहिल्या काही सभांमध्ये तिथे ठराव कमी मांडले गेले आणि चपला जास्त उगारल्या गेल्या. मग तळमजल्यावर टिपणीसकाका राहायला आले. काकांची सगळी नोकरी मुंबईला विधान भवनात गेलेली. प्रतिवेदक होते. सभागृहात जे बोललं जाई ते लघुलिपीत टिपून घ्यायचं, एवढंच काम. नोकरीभर त्यांनी सभागृहात एक अक्षर उच्चारलं नव्हतं. रोह्याला आल्यावर मात्र त्यांनी पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अख्खी विधानसभा बसवली.

आता इथे कोणी कोणाला ‘ए’ म्हणत नसे. ‘सन्माननीय सदस्य’ म्हणत. मतदान आवाजी. ‘होय’च्या जागी ‘व्हय’ चालेल आणि ‘नाही’च्या जागी ‘नाय’ चालेल, असा निर्णय काकांनी दिला होता. कोणाची मुलगी शिष्यवृत्तीत आली, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, की अभिनंदनाचा प्रस्ताव. तिसऱ्या मजल्यावरच्या गिरजाबाई भांडताना जे काही बोलत, ते काका ‘कामकाजातून काढून टाकत’. गिरजाबाईंना ते फार आवडे. मनसोक्त बोलायचं आणि शेवटी स्वतःच म्हणायचं, “आता काढा ते कामकाजातनं.”

काकांची मुलगी लतिका पेणला राहायची, तिथल्या वाचनालयाचं काम बघायची. दर रविवारी ती सकाळच्या गाडीने रोह्याला यायची, वडिलांचं घर उघडायची आणि आवरायला बसायची. फ्लॅट विकायचा होता. पण त्याआधी तो तिच्या नावावर व्हायला हवा आणि त्यासाठी सोसायटीकडे सभासदत्वाचा अर्ज करायला हवा. तो काही तिच्या हातून होत नव्हता. कपाट उघडून ती शर्टांकडे बघे आणि कपाट लावून टाकी. रोह्याच्या आधीचं निडी स्टेशन गेलं की तिला दर वेळी वाटायचं, आज नक्की. संध्याकाळी परतताना निडी पुन्हा यायचं, एवढंच.

पहिल्या सभेला तिलाही बोलावलं. बाबाजींनी शोकप्रस्ताव मांडला. “काका आमचे मार्गदर्शक व्हते, आणि…” एवढं बोलून त्यांनी टोपी काढली. पुढचं सेक्रेटरी अक्षयने वाचलं. अक्षय कंपनीतून रात्रपाळी करून तसाच आला होता, त्यामुळे त्याचा आवाज आपोआपच जड होता. मग सगळे उभे राहिले.

उभे राहिले ते राहिलेच.

लतिकाने मान खाली घातलेली होती. बऱ्याच वेळाने तिने डोळे किंचित वर केले, तर पलीकडे बाबाजीही चोरून बघत होते. खजिनदार रितेशही. मग तिच्या लक्षात आलं. शोकप्रस्तावात उभं राहिल्यावर घड्याळ कोणी बघायचं नाही, अशी पद्धत होती. ते काका बघायचे. मग ते पेनाला टोपण लावायचे, हलकेच खाकरायचे, आणि लोक बसायचे. आज खाकरणाराच नव्हता.

खाकरणं लतिकाला सहज जमलं असतं. पण ती खाकरली नाही. एवढी माणसं तिच्या वडिलांसाठी गप्प उभी होती, ते तिला मोडवेना.

शेवटी अंगणातला नळ फुसफुसला. पंप नसल्यामुळे वरच्या टाकीत पाणी चढत नव्हतं, आणि नगरपालिकेचं पाणी फक्त त्या एका नळाला, तेही थोडा वेळ यायचं. “नळ सुटला गो!” गिरजाबाई ओरडल्या आणि सभागृह कळशांकडे धावलं.

“सभा तहकूब,” रितेशने बादली उचलता उचलता जाहीर केलं.

“आणि पंप?” अक्षयने विचारलं.

“सभागृहाचा सदस्य वारला तर त्या दिवशी दुसरं कामकाज नाय. काकांचाच नियम हाय.”

रितेश हा काकांचा पट्टशिष्य. डोलवीच्या कारखान्यात कंत्राटी कामाला जाता-येता तो बसमध्ये नियम पाठ करायचा. बाबाजी त्याला जिन्यात म्हणाले, “अरे, तू चेकवर सही कर नि आण पंप. ठराव मागाहून करू.”

“ठराव नाय तर सही नाय, सन्माननीय चेअरमन. ह्या नियमाला तुम्हीच ‘व्हय’ म्हटलेलं.”

“तवा पंप चालू व्हता रे!”

पुढच्या रविवारी सगळे मुद्दाम लवकर जमले. पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. अक्षय वाचू लागला. “सभेच्या प्रारंभी कैलासवासी बाळ टिपणीस यांच्या दुःखद निधनाबद्दल…”

गिरजाबाई गुडघ्यांवर हात दाबत उभ्या राहिल्या.

“काय झालं, गिरजाबाय?” बाबाजी म्हणाले. “ते नुसतं वाचतोय तो.”

“वाचू दे की. त्या मानसाचं नाव घेऊन शोक वाचतायत नि मी खुर्चीत टेकून बसू? तुमी बसा. तुमाला लाज नाय.”

त्यावर कोण बसणार? सगळे उभे राहिले. उभे राहिले म्हणून मान खाली गेली. मान खाली गेली म्हणून शांतता झाली. नळ फुसफुसला. आणि श्रद्धांजली झाल्यामुळे, नियमाप्रमाणे, सभा तहकूब झाली.

त्या दिवशी परतीच्या गाडीत लतिकाला एक विचार सुचला आणि ती स्वतःशीच हसली. बऱ्याच दिवसांनी. आजच्या सभेच्या इतिवृत्तात आजची श्रद्धांजली येणार. पुढच्या रविवारी ते वाचलं जाणार. लोक उभे राहणार. सभा तहकूब होणार. ते पुन्हा इतिवृत्तात येणार. याला शेवट कुठे? बाबांना हे सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं, आणि मग ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तसंच झालं. तिसऱ्या सभेत अक्षयने तो भाग एका श्वासात, मंत्रासारखा घाईने उरकायचा प्रयत्न केला. ‘कैलासवासी’ला गिरजाबाई उभ्या. चौथ्या सभेत बाबाजींनी पंपाचा विषय आधी घ्यायचा घाट घातला.

“हरकतीचा मुद्दा!” रितेश म्हणाला. “आधी इतिवृत्त. काका असते तर…”

“काका असते तर ही पाळीच आली नसती रे, मेल्या!” गिरजाबाई कडाडल्या. “माझं गुडघं गेलं पानी चढवून चढवून!”

“मग इतिवृत्ताला उठू नका ना, आजी!”

“उठनार! तुझ्या बाला…” यापुढचं कामकाजातून काढून टाकण्यात आलं.

लतिकाने हात वर केला. “विधानसभेत प्रत्येक कागद वाचत बसत नाहीत. वाचला असं समजावं, म्हणतात. इतिवृत्त वाचलं असं समजायचं का?”

क्षणभर सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. मग गिरजाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की लतिकाने हात खाली घेतला.

“बाप गेला तुझा, लतिके. समजावं काय? वाचा रे.”

सभा तहकूब झाली. पंपवाल्याने फोन उचलणं सोडलं होतं. संध्याकाळी लतिका पेणचे पापड घेऊन तिसऱ्या मजल्यावर निघाली. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच गिरजाबाई कळशी बाजूला ठेवून पायरीवर बसलेल्या दिसल्या. लतिकाने कळशी उचलली.

“राहू दे गो,” गिरजाबाई म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. “ऑपरेशन करून आले ना, तवा तुझ्या बापानं माझं अभिनंदन केलेलं सभेत. प्रस्ताव! माज्या जल्मात कुनी केलं नव्हतं. ह्यांनी सुदिक नाय. मंग मी एवढ्या-तेवढ्या गुडघ्यासाठी बसून राहू?”

कळशी आणि पापड वर पोचवून लतिका खाली वडिलांच्या घरात येऊन बसली. गाडं कुठे अडलंय, हे शोधायला हवं होतं. उभं राहणं बंद होणार नाही, ते तर उघडच होतं. आणि खरं तर तिलाही ते बंद व्हायला नको होतं. प्रश्न उभं राहण्याचा नव्हता, तहकुबीचा होता. जेवताना बाबा काय काय सांगायचे, ते ती आठवू लागली. शोकप्रस्ताव मताला टाकत नाहीत, लोक उभे राहिले की तो संमत. “दुःखाला विरोधी पक्ष नसतो,” ते म्हणायचे आणि ताक प्यायचे. विद्यमान सदस्य गेला तर सभागृह दिवसभरासाठी उठतं. माजी सदस्य असेल तर उभं राहायचं, बसायचं आणि पुढच्या विषयाला लागायचं.

माजी.

तो शब्द तिने एकदा मोठ्याने म्हणून बघितला. मग तिने टेबलाच्या खणातून सभासदत्वाचा अर्ज काढला. तो तिथे पहिल्या रविवारपासून होता. बाबांच्या पेनाचं टोपण काढून तिने तो भरला.

पाचव्या सभेत अक्षयने इतिवृत्त हातात घेतलं, गिरजाबाईंनी गुडघ्यांवर हात ठेवले, आणि लतिका उभी राहिली.

“आधी माझा शपथविधी करा.”

“काय?” बाबाजी म्हणाले.

“बाबांची जागा रिकामी आहे. त्या जागी सभासद म्हणून मी आले आहे. अर्ज दिलाय. नवा सदस्य आला की शपथविधी सगळ्यात आधी होतो. इतिवृत्ताच्याही आधी, शोकप्रस्तावाच्याही आधी. हो ना, रितेश?”

रितेश डोळे मिटून आठवू लागला. बसमधले सगळे थांबे त्याच्या चेहऱ्यावरून गेले. “बरोबर हाय,” तो शेवटी म्हणाला. “शपथविधी पहिला.”

शपथ कशाची घ्यायची, ते कोणालाच माहीत नव्हतं. बाबाजींनी विचार करून सांगितलं, “म्हण, मेन्टेनन्स वेळेवर भरीन.” लतिकाने उजवा हात वर करून तसं म्हटलं. टाळ्या झाल्या.

“आता वाचा,” ती म्हणाली.

अक्षयने वाचलं. कैलासवासी बाळ टिपणीस. गिरजाबाई उठल्या, सगळे उठले. मान खाली. कंपनीच्या बाजूने शिफ्ट सुटल्याचा भोंगा ऐकू आला आणि विरला. कोणीतरी नाक ओढलं. लतिकाने हातातलं बाबांचं पेन घट्ट धरलं होतं. तिला अजून थोडा वेळ हवा होता. तो तिने घेतला. मग तिने पेनाला टोपण लावलं आणि ती हलकेच खाकरली.

सगळे बसले. इतक्या वर्षांची सवय, कोणी मागेही बघितलं नाही. बसल्यावर मात्र कोण खाकरलं ते एकेकाच्या लक्षात आलं आणि पार्किंगमध्ये पुन्हा एकदा, कोणीही उभं न राहता, शांतता झाली.

“सभा तह…” रितेशने सुरुवात केली.

“विद्यमान सदस्य असेल तर,” लतिका म्हणाली. “त्या जागेवर आता मी आहे.” ती रितेशकडे वळली. “बाबा माजी सदस्य आहेत. पुढचा विषय.”

रितेशने चेकबुक बाहेर काढलं.

“पंप!” बाबाजी गरजले. “अनुकूल आसतील त्यांनी…”

“व्हय!” असा आवाज झाला, की कोपऱ्यातलं कुत्रं उठून गेलं. तेवढ्यात अंगणातला नळ फुसफुसला, पण आज कोणी जागचं हललं नाही.

लतिकाने पिशवी उचलली. आता फ्लॅट कागदोपत्री नावावर होईल, गिऱ्हाईक बघता येईल. पुढच्या रविवारी कदाचित यायचंही कारण नाही.

“थांब गो,” गिरजाबाई म्हणाल्या. “आयत्या वेळचा विषय ऱ्हायला. काकांच्या मागं इतिवृत्त लिवनार कोन? हा अक्षय झोपेत लिवतो. आनि खाकरनार कोन? मी म्हनते, ही सन्माननीय पोरगी.”

“दर महिन्याच्या सभेला,” रितेशने दुरुस्ती सुचवली.

“अहो, पण मी पेणला असते,” लतिका म्हणाली. “आणि घर तर मी…”

“अनुकूल आसतील त्यांनी व्हय म्हनावं!” बाबाजींनी टोपी घातली.

“व्हय!”

“प्रतिकूल?”

“नाही!” लतिका एकटीच, स्पष्ट आवाजात म्हणाली.

पार्किंगमध्ये सगळ्यांनी गिरजाबाईंकडे बघितलं. गिरजाबाईंनी मांडीवरचा पदर नीट केला.

“काढा ते कामकाजातनं,” त्या म्हणाल्या.

लतिकाने पिशवी खाली ठेवली आणि अक्षयच्या हातातलं इतिवृत्त घेतलं. मग खुर्ची पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, ‘एकमताने संमत.’