आक्षेप पाहिजे

"तुमच्या फाईलचा प्रॉब्लेम एकच आहे," नगररचना खात्यातला कारकून म्हणाला. "हिच्यात काही प्रॉब्लेमच नाही."

घड्याळवाले स्टुलावरून अर्धे उठले. आठ महिन्यांत इतकं स्पष्ट बोलणारा हा पहिलाच माणूस. त्यांची मागणी एवढीशी होती: राहत्या घराच्या पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान थाटायची परवानगी. बाजारातला त्यांचा जुना गाळा दीड महिन्यात पाडला जाणार होता. तिथे बावीस मजली टॉवर येत होता.

"प्रॉब्लेम नाही तर मंजूर करा की!"

"कसं करणार? आक्षेप नाही म्हणजे सुनावणी नाही. सुनावणी नाही म्हणजे तारीख नाही. बिनतारखेची फाईल समितीपुढे ठेवली तर मलाच धुतील."

"अहो, पण तो टॉवर तीन महिन्यांत पास झाला!"

"त्याला पहिल्याच आठवड्यात दोनशे आक्षेप आले होते," कारकून आदराने म्हणाला. "तुम्ही एक तरी आणा. महिन्याच्या आत सुनावणी लावावीच लागते. आक्षेपवाला उभा राहून 'मागे घेतो' म्हणाला, की तिथल्या तिथे मंजुरी."

घरी येऊन घड्याळवाल्यांनी कपाळाला हात लावला. "माझ्याविरुद्ध बोलायला माणूस कुठून आणू?"

"मी येऊ?" बायको म्हणाली. "लग्नापासूनची तयारी आहे."

"घरचा माणूस चालत नाही."

"तरीच इतकी वर्षं कुणी ऐकलं नाही."

शेवटी शेजारच्या अण्णाला गाठलं. अण्णा छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं नीट केली, स्वतःचं एकही छापून आलं नाही. घरी त्याने तोंड उघडलं की सून मिक्सर लावायची आणि मुलगा कानात बोळे घालायचा.

"दोन ओळी खरड," घड्याळवाले म्हणाले. "सुनावणीला ये, मागे घेतो म्हण, आणि मोकळा हो."

तीन दिवसांनी अण्णा चार पानं घेऊन आला. मुद्दे अकरा.

"अरे, हे काय?"

"खोटं असलं म्हणून काय झालं? नीट नको का लिहायला?"

चाळीस घड्याळं एकदम बाराचे ठोके देतील आणि तान्ही मुलं दचकतील, असा पहिला मुद्दा होता. ज्याचं घड्याळच बंद आहे ते गिऱ्हाईक वेळेवर कसं येईल, ते नेमकं दुपारच्या झोपेत बेल वाजवणार, हा दुसरा. वाचता वाचता घड्याळवाल्यांना हसू फुटलं.

ते फार टिकलं नाही. नियमाप्रमाणे आक्षेपाची प्रत पंधरा दिवस अर्जदाराच्या दारावर चिकटवावी लागते. गल्लीने ती वाचली. समोरच्या वहिनी हळहळत आल्या. "मला तुमचा काही म्हणजे काही त्रास नव्हता हो भाऊजी. पण हे वाचल्यापासून झोपच लागत नाही." त्यांचं घड्याळ घड्याळवाल्यांनी तीनदा फुकट दुरुस्त करून दिलं होतं. सही करताना त्यांनी तेच घड्याळ बघून वेळ टाकली. पंधरा दिवसांत एकोणीस सह्या झाल्या.

"घाबरू नकोस," अण्णा म्हणाला. "मूळ आक्षेप माझा. मी मागे घेतला की सगळे निघाले."

कारकुनानेही तेच सांगितलं.

सुनावणीला समितीच्या अध्यक्षबाईंनी चारही पानं वाचली. "हे कुणी लिहिलंय? इतकं मुद्देसूद या टेबलावर कधी आलं नाही." अण्णा उभा राहिला. बाईंनी पेन खाली ठेवलं, दोन्ही सदस्यांनी ठेवलं.

"आक्षेप मागे घ्यायचाय असं कळलं?"

घड्याळवाल्यांनी मान डोलावली.

"घेतो ना," अण्णा म्हणाला. "फक्त त्याआधी चौथा मुद्दा जरा उलगडतो."

वीस मिनिटं तो बोलत होता. मिक्सर लागला नाही. अकराव्या मुद्द्याला त्याने कागद खाली ठेवला. "बाई, या गल्लीत आम्ही म्हातारे जास्त. उरलेला वेळ आम्हाला असा मोठ्याने मोजून दाखवू नका." कोपऱ्यात मोबाइलमध्ये बुडालेल्या खात्याच्या इंजिनिअरनेही मान वर केली.

"म्हणजे मागे घेत नाही?" बाईंनी हळूच विचारलं.

अण्णाने घड्याळवाल्यांकडे पाहिलं. मग पुन्हा समोर, ऐकणाऱ्या त्या तीन चेहऱ्यांकडे.

"नाही," तो म्हणाला.

शिक्का बसला. प्रस्ताव नामंजूर. आठ दिवसांनी गाळा पडणार होता आणि हत्यारांची पेटी मांडायला आता कुठलीच जागा उरली नव्हती.

दोघं जिना उतरले. फाटकापाशी अण्णा थांबला.

"रागावलास?"

घड्याळवाल्यांनी फाईल काखेत मारली.

"तोंडच थांबेना रे." मग त्याच्याने राहवेना. "पण... कसा बोललो?"

"चांगला बोललास."

"शेवटचं जरा जास्त झालं का?"

"नाही," घड्याळवाले म्हणाले. "मलासुद्धा पटलं."