खंडूआबांच्या तुटक रेघा

लग्न होऊन मी कुसगावच्या शाळामास्तरांच्या घरात आले तेव्हा शेजारच्या खंडूआबांनी मला त्यांच्या भिंतीवर काढलं, पण नवऱ्याला आणि मला जोडणारी रेघ तुटक ठेवली.

"अहो आबा, लग्न झालंय आमचं," मी म्हटलं.

"आसंल, मास्तरीणबाई. मी न्हवतो तितं. तुमी सांगताय म्हून तुटक तरी काढली."

मी तळेगावची, बोलायला कुणाला हार जाणारी नव्हे. पण भरल्या ओसरीत आपल्या संसाराला अशी भोकं पडलेली पाहून माझं डोकंच फिरलं. पुढे एका सकाळी आमटीतल्या मिठावरून आमची चांगलीच जुंपली. आवाज ऐकून आबा उठले, कोळसा घेतला आणि रेघ पुरी केली. "आता खात्री झाली," म्हणाले.

तरुणपणी आबांनी जमीन मोजणाऱ्या साहेबाची साखळी ओढली होती, पार लोहगडवाडीपर्यंत. साहेबाच्या नकाशात खात्रीची वाट पुरी असायची, ऐकीव वाट तुटक, आणि जिथं कुणी गेलंच नाही तिथं कोरी जागा. नोकरी सुटली, नाद सुटला नाही. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या ओसरीच्या भिंतीवर त्यांनी गाव काढायला घेतलं. शेतं नव्हेत, माणसं. प्रत्येकाचा एक गोल, आणि कोण कुणाचं कोण, कुणाचं कुणाशी पटतं, त्याच्या रेघा. अबोला धरला की रेघ पुसायची. पुसल्याचा डाग मात्र ते मुद्दाम राखत. "काल हुती, आज न्हाई, ह्ये बी दिसाया पायजे," असं त्यांचं म्हणणं. सोयरीक जुळवणारे आधी ही भिंत बघून जात आणि मगच मुलीच्या दारात चहा पीत.

एकदा गेनू आणि बबन हे सख्खे भाऊ आंब्याच्या झाडावरून भांडले. आबांनी त्यांची रेघ पुसली. ते कळताच दोघे तरातरा ओसरीवर आले.

"आमच्या घरातलं भिंतीवर कशापायी?" गेनू म्हणाला.

"व्हय, कशापायी?" बबन म्हणाला.

"दोगं बरूबर आलाव न्हवं?" म्हणत आबांनी रेघ पुन्हा ओढली. दोघे भाऊ कानकोंडे झाले, आणि परत गेले तेही बरोबरच.

या सगळ्या गमतीत एका रेघेची चेष्टा मात्र कुणी करत नसे. आबांचा एकुलता एक मुलगा महादू जर्मनच्या लढाईत पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला गेला होता. लढाई संपली, बाकीची पोरं परत आली. महादू आला नाही, आणि गेल्याची खबरही आली नाही. आबांनी त्याच्या रेघा तुटक केल्या: एक स्वतःकडे येणारी, एक सखूकडे जाणारी. सखू महादूची बायको, माझ्याच वयाची. कुंकू लावायचं की पुसायचं हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. घरकामापलीकडे बोलण्यासारखं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

एके दिवशी कान्ह्याहून तिचा भाऊ नाथा आला. कामशेतकडचा एक भला माणूस सखूशी पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला, तयार होता. पण महादू गेला असं आबांनी म्हटल्याशिवाय पंच हलणार नव्हते, आणि कामशेतची माणसं फार दिवस थांबणार नव्हती.

"आबा, तेवढ्या रेघा पुसा," नाथा म्हणाला.

आबांनी सखूला हाक मारली. "तुजं काय म्हननं?"

"मी गेल्यावर तुमाला भाकरी कोन घालंल?"

"मी माज्या भाकरीचं इचारलं न्हाई," आबा खेकसले.

सखू पदर तोंडाशी धरून रडायला लागली. इतक्या वर्षांत ती रडलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मलाही आवरलं नाही.

आबा उठले. तांब्यातल्या पाण्यानं तळहात ओला केला आणि महादू आणि सखू यांच्यामधली रेघ पुसून टाकली. महादूकडून स्वतःकडे येणाऱ्या रेघेला त्यांनी हात लावला नाही.

नाथा गोंधळला. "आन् ही?"

"ती माजी हाय. त्यो हाय का न्हाई, मला ठावं न्हाई. पर माज्या ठावं नसन्यात ह्या पोरीनं का आडकून ऱ्हायाचं? पंचांस्नी सांग, खंडूनं सून सोडली." मग कोळसा मोडेपर्यंत दाबून त्यांनी सखूपासून आपल्यापर्यंत एक नवी रेघ ओढली. "आन् लेक केली."

पाट लागला. बापाच्या जागी आबाच उभे राहिले.

सखू गेल्यावर दुसऱ्याच सकाळी ते माझ्या चुलीपाशी येऊन बसले. "मास्तरीणबाई, पिटात पानी किती घालायचं?" म्हाताऱ्या माणसाला मी भाकरी थापायला शिकवली. पहिल्या कित्येक भाकऱ्यांचा आकार मावळच्या डोंगरांसारखाच झाला. हात बसला तसे ते रोज दोन थापायला लागले. एकट्याला दोन कशाला, मी विचारलं.

"येक पोराची. आला तर भुकेला आसंल."

संध्याकाळी दिवा लावताना मी पाहायची. ती दुसरी भाकरी आबा दुधात कुस्करून स्वतःच खात असत.