साइटवर रमलेला माणूस

आपल्या वेबसाइटला आठवड्यात तीन हजार हिट्स मिळाल्या हे कळल्यावर चावीवाल्यांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला स्वतःच्या खर्चाने चहा पाजला. एरवी चहा मागवायची वेळ आली की हा माणूस नेमका एखाद्या कुलपात डोकं घालून बसलेला असायचा. तीन हजार माणसं आपल्या दुकानात डोकावून गेली, या कल्पनेने ते इतके हरखले की रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघून ते ओळखीचं हसायला लागले. त्यातल्या दोघांनी घाबरून रस्ता ओलांडला.

हा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला, कारण संध्याकाळी घरी मेहुणा आला. वेबसाइट त्यानेच करून दिली होती. इंटरनेट मार्केटिंगचा कोर्स केल्यापासून त्याला साध्या माणसांशी बोलायला फार कष्ट पडत. बहिणीचा, म्हणजे चावीवाल्यांच्या बायकोचा, मात्र त्याच्यावर जीव होता आणि त्याच्या हुशारीवर गाढ विश्वास. तो बोलायला लागला की ती गॅस बारीक करून बाहेर येऊन बसायची.

"भाऊजी, हिट्स म्हणजे माणसं नव्हेत," मेहुणा म्हणाला. "एक पान उघडलं की त्यावरचं प्रत्येक चित्र वेगळं मागवलं जातं. प्रत्येक मागणीची एक हिट. तुम्ही हट्टाने पहिल्या पानावर तीस कुलपांचे फोटो लावलेत. म्हणजे एक माणूस आला की तीस हिट्स."

"मग माणसं किती?"

"भेटी शंभर. त्यातही एकच माणूस दोनदा आला तर त्या दोन भेटी. वेगवेगळी माणसं मोजली तर ऐंशी."

झेरॉक्सवाल्याला पाजलेला चहा चावीवाल्यांच्या डोळ्यांपुढून गेला. पण मेहुण्याचं अजून संपलं नव्हतं. खरा रोग पुढेच आहे, असं म्हणून त्याने लॅपटॉप फिरवला. या रोगाचं नाव बाउन्स रेट. शंभरातले नव्वद लोक पहिलं पान बघायचे आणि दुसरं न उघडताच निघून जायचे. साइटवर ते थांबायचे सरासरी वीस सेकंद.

"वीस सेकंदांत पाहुणा चप्पलसुद्धा काढत नाही," बायको कळवळून म्हणाली.

चावीवाल्यांना यात कळवळण्यासारखं काही दिसेना. दार लागून बाहेर अडकलेला माणूस पहिल्या पानावरचा नंबर बघणार आणि फोन लावणार. तो थांबून करणार काय? फोन तर दिवसभर वाजतोय, आणि त्या फोनवरच घर चाललंय. त्यांनी हे बोलून दाखवलं, तेव्हा बहीण-भावाने एकमेकांकडे अशा नजरेने बघितलं की चावीवाल्यांना आपण शाळेत मागच्या बाकावर बसायचो ते आठवलं.

"भाऊजी, फोन हा ऑफलाइन भाग झाला," मेहुणा शक्य तितक्या मायेने म्हणाला. "तो आलेखात दिसत नाही."

जे आलेखात दिसत नाही त्याची बाजू घेऊन भांडायचं कसं, हे चावीवाल्यांना ठाऊक नव्हतं. आणि पुढच्याच आठवड्यात बायकोच्या माहेरी जायचं होतं. ते वेबसाइट बदलायला हो म्हणाले.

वेबसाइटचा कायापालट झाला. पहिल्या पानावरचा नंबर गेला. नंबर आयता हातात मिळाला की माणूस आत कशाला येईल, असं मेहुण्याचं म्हणणं होतं. त्या जागी दरवाज्याआडून हसणाऱ्या एका कुटुंबाचा फोटो आला. त्याखाली 'आमचा प्रवास', त्याच्या पोटात 'आमची मूल्यं', मग 'कुलपाची कहाणी' चार भागांत, आणि त्यानंतर 'तुमचं कुलूप कोणत्या स्वभावाचं आहे?' अशी प्रश्नावली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली की शेवटच्या पानावर तळाशी नंबर होता. मधेच कोणी निघालं तर पडद्यावर एक चौकट उघडून विचारायची, 'खरंच जाताय?'

आलेख असा उसळला की चावीवाल्यांचा धीर चेपला. बाउन्स रेट नव्वदवरून साठवर आला, मग चाळीसवर. थांबण्याचा वेळ वीस सेकंदांवरून सहा मिनिटांवर गेला. फोन वाजायचा जवळजवळ थांबला, पण आता तो वाजला तर त्रासच झाला असता, कारण चावीवाले दिवसभर आलेख बघत असत. चाव्या कापायच्या मशीनवर धूळ बसली. झेरॉक्सवाल्याने धंद्याची चौकशी केली, तेव्हा त्यांनी त्याला एंगेजमेंट म्हणजे माणसाचं साइटवर गुंतून राहणं, हे समजावलं. वाणसामानाची पिशवी हलकी येऊ लागली आहे, असं बायको एकदा म्हणाली, आणि लगेच स्वतःच म्हणाली, की भाऊ सांगतो तर थोडं थांबायला पाहिजे.

असंच एका दुपारी दुकानात मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, आत्ता या क्षणाला एक माणूस साइटवर आहे. पाच मिनिटं झाली. अजून आत आहे."

चावीवाल्यांनी लॅपटॉप उघडला. खरंच, एक हिरवा ठिपका 'आमचा प्रवास'वर लुकलुकत होता. दोघं फोन कानाला लावून त्या ठिपक्याकडे बघत बसले. ठिपका 'आमची मूल्यं'मध्ये गेला. तिथून परत पहिल्या पानावर आला, तेव्हा दोघांनीही मनात 'गेला' म्हटलं. पण नाही, गेला नाही. पुन्हा 'आमचा प्रवास'.

"दुसऱ्यांदा वाचतोय," चावीवाले हळूच म्हणाले, जणू आवाज ऐकून तो उठून जाईल.

"याला म्हणतात रमणं," मेहुणा म्हणाला.

ठिपक्याने 'कुलपाची कहाणी' चारही भागांत पार केली, तीही भराभर. अभ्यासू माणूस दिसतो, असं मेहुण्याचं मत पडलं. मग तो प्रश्नावलीत शिरला. दरम्यान दुकानाच्या दाराशी एक गिऱ्हाईक कपाटाची चावी घेऊन उभं राहिलं होतं. त्याला चावीवाल्यांनी हातानेच नंतर यायला सांगितलं. सातव्या प्रश्नावर ठिपका बराच वेळ थबकला. 'खरंच जाताय?' ची चौकट तीनदा उघडली. मग ठिपका विझला.

एकूण बावीस मिनिटं झाली होती. असा माणूस मी कोर्समध्येसुद्धा पाहिला नाही, असं मेहुणा नाक ओढत म्हणाला. चावीवाल्यांनी दुकान लवकर बंद केलं.

घरी येताना जिन्यातच करपल्याचा वास आला. स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. ओट्यावर एक काळंठिक्कर पातेलं पडलं होतं आणि बायको हाताची घडी घालून बसली होती. पण चावीवाल्यांच्या पोटात बातमी मावत नव्हती.

"अगं, आज एक माणूस आपल्या साइटवर बावीस मिनिटं रमला. तुझ्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं."

"रमला?" बायको म्हणाली. "अहो, मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि वाऱ्याने दार लागलं. चावी आत, फोन आत, गॅसवर दूध."

चावीवाल्यांनी खुर्ची ओढली, पण ते बसले नाहीत.

"शेजारच्या आजोबांनी त्यांचा फोन दिला. आता तुमचा नंबर मला कुठला पाठ असायला? माझ्या फोनवर 'अहो' दाबलं की तुम्ही येता. भावाचाही तसाच. म्हटलं, दुकानाची वेबसाइट आहे. इकडे दाराच्या फटीतून धूर येतोय आणि तिकडे मला कुटुंब हसतंय. तुमची मूल्यं वाचली. तुमचा प्रवास वाचला, दोनदा. मग मला विचारलंय, माझं कुलूप शांत स्वभावाचं आहे की तापट."

"मग?"

"मग आजोबा म्हणाले, दुसरा कोणी बघा. पलीकडच्या चौकातल्या चावीवाल्याची साइट उघडली. त्यावर काहीच नाही. नुसता नंबर. वीस सेकंदांत फोन लागला, दहा मिनिटांत तो आला."

चावीवाल्यांनी पुढचं विचारू नये असं फार ठरवलं, पण धंद्यातला माणूस गप्प राहतो थोडाच.

"आपलं लॅच त्याला उघडलं?" ते लॅच त्यांनी स्वतः निवडून आणलं होतं.

"बोलता बोलता उघडलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, वहिनी, धंद्यातल्या माणसाच्या घरचे कसले पैसे? हल्ली त्यांच्याकडची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडेच येतायत."

चावीवाले आता मात्र बसले. इतके दिवस त्या आलेखावर जी माणसं रमताना बघून आपण खूश होत होतो, त्यातला प्रत्येक जण कुठल्यातरी बंद दाराबाहेर असाच मेटाकुटीला आलेला होता, हे त्यांना एकदम उमगलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

बायकोने भावाला फोन लावला. सगळं सांगितलं. पातेल्याचं दोनदा सांगितलं. पलीकडून नुसतं 'हं, हं' येत होतं. भाऊ खजील झाला असणार, असं वाटून तिचा आवाज जरा मऊ झाला.

"ताई," अखेर तो म्हणाला, "सातव्या प्रश्नावर सोडून गेलीस ना, तिथे नेमकं काय खटकलं, तेवढं सांगशील?"

तिने उत्तर न देता फोन ठेवला. लग्न झाल्यापासून भावाचा फोन तिने पहिल्यांदाच असा ठेवला असेल.

त्या रात्री जेवणं व्हायच्या आधीच चावीवाल्यांनी वेबसाइट पुसून काढली. तीस कुलपं गेली, हसणारं कुटुंब गेलं, मूल्यंही गेली. एक पान उरलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत नंबर. दुसरं पानच नसल्यामुळे आलेला प्रत्येक जण पहिल्या पानावरूनच परत जाऊ लागला आणि बाउन्स रेट सरळ शंभरावर पोचला. मेहुण्याने घरी कोणी गेल्यासारखा सांत्वनाचा फोन केला. पण त्याचं निम्मं बोलणं चावीवाल्यांना ऐकताच आलं नाही, कारण दुकानातला दुसरा फोन सारखा वाजत होता.