उतरायचं कुणी विचारलंच नाही

रविवारी सकाळी नऊ वाजता दातांचे डॉक्टर पार्किंगमध्ये पालथे पडून आपल्या नव्या लाल स्पोर्ट्‌स कारच्या पोटाखाली हात घालून बघत होते. चार बोटं आडवी मावत होती. अंगठा मावत नव्हता.

"चार बोटं," ते समाधानाने म्हणाले. "खरी स्पोर्ट्‌स कार अशीच असते. जमिनीला चिकटून."

"जमिनीला चिकटायला एवढी महाग वस्तू कशाला हवी होती?" बायको म्हणाली. "तुम्ही आत्ता फुकट चिकटलेलेच आहात की. उठा, दहाची बोट चुकेल."

बोट चुकून चालणार नव्हतं. खाडीपलीकडे राहणारे साडू पाणीपुरवठा खात्यातून मुख्य इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते आणि आज दुपारी त्यांच्या बंगल्यावर सव्वाशे माणसांचं जेवण होतं. गेली सव्वीस वर्षं हे साडू डॉक्टरांच्या छातीवर बसले होते. डॉक्टरांनी फ्लॅट घेतला, तेव्हा साडूंनी बंगला बांधला. डॉक्टरांच्या मुलाला इंजिनियरिंगला कशीबशी जागा मिळाली, तेव्हा साडूंच्या मुलीला सुवर्णपदक मिळालं. डॉक्टरांचे केस गेले आणि साडूंचे तेवढ्यात रुबाबदार पिकले. आणि हे सगळं साडू मुद्दाम करत नव्हते, याचाच डॉक्टरांना जास्त राग होता. आज सव्वाशे माणसांसमोर ही गाडी त्या बंगल्याच्या फाटकातून आत शिरणार होती. साडूंनी फक्त एकदा तोंड उघडून "काय गाडी आहे हो!" म्हणावं, एवढीच डॉक्टरांची आयुष्याकडून आता अपेक्षा उरली होती.

फेरीबोटीच्या धक्क्यावर डॉक्टरांनी गाडी थांबवली आणि बोटीच्या सारंगाला बोलावलं. सारंग म्हणजे बोट चालवणारा. चाळीस वर्षं पाण्यावर काढल्यामुळे बोलायची सवय गेलेला माणूस.

"चढेल का हो ही?"

सारंगाने गाडी पाहिली, रॅम्प पाहिला. "चढेल."

"घासणार नाही ना?"

"इकडचा धक्का तरंगता आहे. सपाट. चढेल."

डॉक्टरांनी बायकोकडे विजयी नजर टाकली. मग त्यांनी आणखी एक अट घातली. आपल्या गाडीपुढे कुठलीही गाडी नको, चाकाखालचे खडे उडतात. शिवाय पलीकडे पहिलं आपणच उतरायचं. सारंगाने खांदे उडवले. लाल गाडी अलगद आत गेली आणि थेट पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिच्या मागे बर्फाचा ट्रक लागला, ट्रकमागे केटररची व्हॅन, आणि उरलेल्या जागेत दोन डझन मोटरसायकली कोंबल्या गेल्या.

अर्ध्या तासाने पलीकडचा धक्का आला. बोटीचा रॅम्प खडखडत खाली गेला, आणि डॉक्टर गाडीतून उतरून पुढे धावले. रॅम्प खाली उतरत होता आणि सिमेंटचा धक्का तिथूनच वर चढत होता. दोन्हींच्या मधे झालेल्या खळग्यात गाडीचं नाक रुतणार, हे सांगायला इंजिनियर नको होता.

"हे काय?"

"ओहोटी," सारंग म्हणाला. "पाणी खाली गेलं की बोट खाली जाते. धक्का कुठे जाणार? तो तिथेच."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही चढेल का विचारलंत. उतरायचं विचारलंच नाहीत."

या उत्तरात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून डॉक्टर जास्तच चिडले. "आता उतरणार कधी?"

"भरतीला. साडेचार."

तोवर मागे हॉर्न सुरू झाले होते. बर्फवाला ट्रकमधून खाली उतरून आला. त्याने गाडी पाहिली, मग खाली वाकून गाडीखालची जागा पाहिली. "साहेब, चौघं मिळून उचलून बाजूला ठेवू या का? खेळण्यातलीच दिसतेय."

"हात लावायचा नाही!" डॉक्टर ओरडले.

"अहो, माझं पाणी होतंय तिकडे!"

त्याच्या पाठोपाठ केटरर आला. पांढरी टोपी, कपाळावर घाम. "सव्वाशे माणसांचं जेवण आहे माझ्याकडे. साडेबाराला पानं वाढायची आहेत. पाणीपुरवठ्याच्या साहेबांच्या बंगल्यावर."

डॉक्टरांनी कोटाची कॉलर सारखी केली आणि ते खाडीकडे पाहू लागले. बायकोने मात्र कपाळावर हात मारला.

"अहो, हे ताईकडचंच जेवण आहे! तुम्ही भाऊजींच्या पाहुण्यांना उपाशी ठेवताय!"

"मी कुठे ठेवतोय? ओहोटी ठेवतेय."

शेवटी सारंगाने बोट पूर्ण फिरवायचं ठरवलं. मागचं टोक धक्क्याला लावायचं आणि सगळ्यांनी रिव्हर्समध्ये चढ चढायचा. फिरवण्यात पंचवीस मिनिटं गेली. मोटरसायकलवाले गाड्या उलट्या ढकलत, शिव्या देत वर गेले. केटररची व्हॅन मागे मागे चढताना आत पातेल्यांनी असा काही गोंधळ घातला, की केटररने डोळे मिटून घेतले. मागच्या काचेतून दिसणारा तीन मजली केक आधी दोन मजली झाला, मग त्याचं काय झालं ते दिसलं नाही. बर्फाचा ट्रक चढला, तेव्हा त्याच्यामागे चढभर पाण्याचा ओघळ राहिला.

"चला," बायको म्हणाली. "आपण परत पलीकडे जाऊ, तिथे गाडी लावू आणि पुढच्या बोटीने माणसासारखे चालत येऊ."

"गाडी न घेता?"

"अहो, जेवायचं तोंडानेच आहे ना?"

"गाडी न घेता मी त्या माणसाच्या दारात पाय ठेवणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तू जा पुढे. सांग, डॉक्टर गाडी घेऊन येतायत."

बायकोने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात वाद कुठे घालायचा आणि कुठे पर्स उचलायची, हे तिला पक्कं कळलेलं होतं. ती पर्स उचलून, वर धक्क्यावर पातेली सावरायला थांबलेल्या केटररच्या व्हॅनमध्ये जाऊन बसली.

मग डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. बोट इकडे, बोट तिकडे. दर फेरीला नवे लोक येत आणि गाडीभोवती कडं करून उभे राहत. डॉक्टर रुमालाने बोटांचे ठसे पुसत फिरत. एकाने विचारलं, "ही बोटीचीच आहे का?" एका म्हातारीने त्यांचा क्रीम रंगाचा कोट पाहून त्यांच्याकडे तिकीट मागितलं. सकाळच्या फेरीने ड्यूटीला गेलेली एक नर्स दुपारी परतली. डॉक्टर तिथेच उभे पाहून ती दचकली आणि तिने हळूच विचारलं, "घरी कुणाला कळवायचंय का?" तीनच्या सुमारास त्यांना भुकेने चक्कर यायला लागली. दातांना चिकटणाऱ्या गोड पदार्थांवर पेशंटना वीस वर्षं व्याख्यान देणाऱ्या या माणसाने एका लहान मुलीने देऊ केलेली चिकट गोळी मुकाट्याने घेतली.

सव्वातीनला पलीकडच्या धक्क्यावर साडू स्वतः बोटीत चढले. हातात जेवणाचा डबा होता.

"डॉक्टर, उपाशी असाल म्हणून आलो." एवढं बोलून ते गाडीपाशी थबकले. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी छपरावरून अलगद हात फिरवला. "काय गाडी आहे हो!"

डॉक्टरांनी तोवर डबा उघडून पहिला घास तोंडात कोंबला होता. सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते वाक्य जुन्या बोटीत, डिझेलच्या वासात, एकाही ओळखीच्या साक्षीदाराशिवाय उच्चारलं गेलं होतं.

"काय म्हणालात?" त्यांनी भरल्या तोंडाने विचारलं.

"म्हटलं, गाडी झकास आहे. आत बसू का?"

डॉक्टरांना एकदम भरून आलं. बसा म्हणाले, सीट पुढेमागे करून दाखवली, सगळी बटणं समजावली. पलीकडे जाऊन परत येईपर्यंत ते बोलतच होते. माणूस वाईट नाही, असं त्यांना या दोन फेऱ्यांत पहिल्यांदा वाटून गेलं. आणि आता हाच माणूस शेजारच्या सीटवर बसवून बंगल्यात शिरायचं, म्हणजे तर सोन्याहून पिवळं.

साडेचारला बोट धक्क्याला लागली. पाणी वर आलं होतं, रॅम्प जवळजवळ सपाट पडला होता. धक्क्यावर परतीच्या बोटीसाठी गर्दी होती, आणि डॉक्टरांनी पाहिलं, तर गर्दी साडूंच्याच पाहुण्यांची! जेवून तृप्त झालेले सगळेच्या सगळे. म्हणजे फाटक नाही तर धक्का, माणसं तीच. डॉक्टरांनी कोट झटकला आणि किल्ली हातात घेतली.

सारंग खाली वाकून बघत होता. "जवळजवळ बसतंय. एक बोट कमी पडतं. वजन कमी करा."

"म्हणजे?"

"जाड माणसाने खाली उतरायचं. बारीक माणसाने चालवायची." त्याने आधी डॉक्टरांच्या पोटाकडे आणि मग साडूंकडे पाहिलं.

"मी हळू नेतो," साडू म्हणाले. "खात्याची जीप चालवलीय मी."

"अहो, पण खालून बघणार कोण? घासली तर?"

"तुम्हीच बघा की. तुमच्याइतकी काळजी कोण घेणार?"

हे खरं होतं. आपल्या गाडीचं पोट डॉक्टर दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडणार नव्हते. ते उतरले, गाडीच्या बाजूला ओल्या रॅम्पवर ओणवे झाले आणि गाल लोखंडाला टेकून खाली बघू लागले. गाडी इंचाइंचाने पुढे सरकू लागली. तिच्या बरोबरीने डॉक्टर रांगू लागले.

"सावकाश! दोन बोटं आहेत! आता दीड! थांबा, थांबा... या!"

वर धक्क्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा साहेब! निवृत्त झाल्या झाल्या हौस केलीत!"

"आणि जेवताना पत्ता लागू दिला नाहीत! बोटीने मागवली वाटतं!"

"शोभतेय हां तुम्हाला!"

साडूंनी काच खाली केली. आता ते खरं काय ते सांगतील, म्हणून डॉक्टरांनी गुडघ्यांवर बसून आशेने मान वर केली. साडूंनी हात बाहेर काढला आणि सगळ्यांना हलवून दाखवला. टाळ्या आणखी वाढल्या.

गर्दीत डॉक्टरांची बायको बहिणीशेजारी उभी होती. पाणीपुरवठ्यातल्या कुणा साहेबांच्या बायकोने तिच्या कानाशी लागून विचारलं, "ते खाली रांगतायत ते कोण हो?"

बायकोने रॅम्पकडे नीट निरखून पाहिलं. डॉक्टरांनी पुन्हा गाल लोखंडाला टेकला होता आणि ते एका हाताचं एकच बोट वर करून जिवाच्या आकांताने ओरडत होते.

"काही कल्पना नाही," ती म्हणाली. "गाडीबरोबर आलेत."