गोचिडावर फिर्याद

पाचोऱ्यातल्या माझ्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लोक उपाशीपोटी येतात, गोपाळनाना भांडत येत. पहिल्याच दिवशी त्यांनी काउंटरवर औषधाची बाटली आपटली. आत तीन मेलेले गोचीड.

"ह्या आरोपी शेतस. आते मन्हं रगत काढ!"

नाना शेळ्या पाळतात. गोचीड चावल्यापासून त्यांना मटण बाधू लागलं होतं. दुपारी जेवावं आणि चार-पाच तासांनी अंगभर गांधी, ओठ सुजलेले. एकदा तर श्वासच अडकला. कोंबडी खाल्ली तर काही नाही. एका डॉक्टरांनी पित्त म्हटलं, दुसऱ्यांनी 'वय झालं'.

"बठ्ठा डॉक्टर येडा शेतस!" नाना गरजले. "वय काय मटण खादावरच व्हस का?"

शेवटी जळगावच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचं नीट ऐकून घेतलं. गोचीड चावल्यावर काही जणांच्या शरीराला मटणातली एक साखर सोसेनाशी होते, म्हणाल्या, आणि तपासणी लिहून दिली होती. ती आमच्याकडे होत नाही, नमुना मुंबईला जातो. पहिला नमुना वाटेतच खराब झाला. ते कळल्यावर नानांनी मला, कुरिअरवाल्याला, झालंच तर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवालाही सोडलं नाही. मीही भडकलो.

"मटण सोडा ना मग! रिपोर्ट कशाला हवाय?"

"कागद पाहिजे माले!" म्हणत त्यांनी दुसरा हात पुढे केला.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, तीच ॲलर्जी, मटण कायमचं बंद. मला वाटलं, नाना आता सगळ्या डॉक्टरांच्या दारात जाऊन तो कागद नाचवणार. पण ते बाकावर बसले आणि मोबाइल लावून माझ्यापुढे धरला.

"तुन्ही काकूले सांग. मी सांगतलं तर भांडण व्हई."

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. 'मसाल्यात काय कालवतेस?' म्हणून नानांनी भरलं ताट भिरकावलं, त्या दिवसापासून त्या धरणगावला भावाकडे होत्या. हे मला नानांकडून तेव्हा कळलं.

"काकू," मी म्हणालो, "दोष मसाल्याचा नव्हता. गोचिडामुळे झालेली ॲलर्जी आहे. कागदावर आलंय."

पलीकडून काकू म्हणाल्या, "मी तवयच सांगेल व्हतं. ते तठेच शेतस का?"

"हो, शेजारीच बसलेत."

"मंग त्यासलेच बोलू द्या."

नानांनी फोन घेतला, भिंतीकडे तोंड केलं.

"मन्हं चुकनं," ते म्हणाले.

त्यानंतर कितीतरी वेळ पलीकडून काकू बोलत होत्या, आणि नाना नुसते "हाव, हाव" करत होते.